संस्कृतच्या तासाला घुमट

सगुण मास्तर मला पहिल्यांदा भेटले ते म्हापशाच्या बसस्टँडवर, मांडीवर मडकं घेऊन बसलेले. शुक्रवारचा बाजार, पेडण्याच्या बसमध्ये मिरच्यांची पोती, केळ्यांचे घड, पायात कोंबड्या… आणि रिकामी जागा तेवढी एकच, त्यांच्या शेजारची.

"ते मडकं जरा खाली ठेवा हो. मी बसू कुठं?" मी म्हटलं. तेव्हा मी अशीच होते, फटकळ. आता केस पांढरे झाले तरी फारसा फरक नाही म्हणा!

"बाई, हे मडकं नव्हे, वाजवायचं घुमट. खाली ठेवलं आणि फुटलं तर पेडण्यात माका कोण विचारणार?"

असं म्हणून त्यांनी घुमटाच्या कातड्यावर हळूच बोटं मारली. पुढची बाजारकरीण वळून हसली. मी मात्र तोंड फिरवून बसच्या जनेलातून बाहेर बघत बसले. काय तो ताठा माझा!

सोमवारी शाळेत बघते तर हेच गृहस्थ! गोवा मुक्त होऊन थोडीच वर्षं झाली होती, पेडण्यात नवं हायस्कूल निघालं होतं. मी, चंद्रावती, तिथं संस्कृत शिकवायची आणि सगुण मास्तर गाणं-वाजवणं. पोर्तुगीज अमदानीत माझ्या बाबांनी मला घरीच संस्कृत शिकवलं होतं. ताठ बसायचं, पाठ करायचं, चुकलं की पुन्हा म्हणायचं. विद्या म्हणजे एवढंच, असं मला वाटे.

आमचे वर्ग भिंतीला भिंत लागून. मधल्या सुट्टीत मास्तर हटकून विचारत, "बाई, तुमची पोरं श्लोक म्हणतात की कुणाच्या नावानं रडतात?"

"आणि तुमच्या पोरांना व्याकरणाचा एक तरी नियम येतो?"

"ना. पण ती रडत नाहीत ना!"

राग यायचा हो… पण सुट्टीची घंटा कधी होते म्हणून कानही तिकडंच असायचे.

श्रावणात हेडमास्तर बाबुरावांनी मला बोलावलं. संस्कृतचा निकाल घसरला होता. "पुढल्या आठवड्यात इन्स्पेक्टर येतायत. त्यांनी होकार दिला की गाण्याचे तास बंद. ते सगळे तुमका."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. व्हरांड्यात मास्तर पावसाकडे बघत उभे होते.

"कळलं तुमका?" मी विचारलं.

"कळलं. तास गेला की मी गेलो. डिचोलीला खाणीवर कारकुनाची जागा आहे."

"जाल?"

"कोणी 'राहा' म्हटलं… तर नाही."

मी पदर पिळत राहिले. एवढा एक शब्द काही निघेना. शेवटी म्हटलं, "उद्या घुमट घेऊन माझ्या तासाला या."

आणि काय सांगू! भुजंगप्रयात वृत्त मी बोटांवर अक्षरं मोजून शिकले होते. मास्तरांनी 'लगागा लगागा' घुमटावर धरलं आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा डोलायला लागली. त्या वृत्ताची चाल मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मास्तर म्हणाले, "पूर्वी गुरूकडे गाण्याचा तास वेगळा नसणार, बाई. म्हणता म्हणताच शिकत असतील."

इन्स्पेक्टर आले. म्हापशाचे, जाडजूड, कपाळाला आठ्या. पोरांनी श्लोक सुरू केला आणि काय सुंदर म्हटला! शेवटची ओळ संपली, आणि मास्तरांच्या हातून पडला तो चवथीच्या आरतीचा शेवटचा ठेका. झालं! सगळा वर्ग हात वर करून ओरडला, "मंगलमूर्ती मोरया!"

बाबुरावांचं तोंड उतरलं. बघते तर इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीतून उठून, हात जोडून, एक बूट काढून उभे!

साहेब भानावर आले, खाकरले, पुढच्या बाकावरच्या शालिनीला म्हणाले, "अर्थ सांग बघू." पोरीनं न अडखळता सगळा अर्थ सांगितला, वर प्रत्येक गण फोडून दाखवला.

"गाण्याचे तास बंद करायचे म्हणता?" साहेब बूट चढवत बाबुरावांना म्हणाले. "मग संस्कृतही बंद करा. त्यापेक्षा हे असंच चालू दे."

शाळा सुटल्यावर मी मास्तरांना व्हरांड्यात गाठलं. "तो शेवटचा ठेका कित्याक दिलात? थोडक्यात वाचलात!"

"द्यायचा नव्हता. पण…"

"पण काय?"

"तुमी हसत होता. भिंतीला टेकून, डोळे मिटून… असं हसताना तुमका कधी बघितलंच नव्हतं. हात माझा राहिला नाही, बाई."

"आणि नोकरी गेली असती म्हणजे?"

"गेली असती. ते हसू तर बघितलं असतं ना!"

हा माणूस मला हवा होता, अगदी जन्माचा हवा होता. आणि सगळे धातू घडाघडा चालवणाऱ्या माझ्याकडून एक वाक्य जुळेना! शेवटी 'हवेत' म्हणायला घरच्या बोलीतलं 'जाय'च तोंडातून निघून गेलं, "मास्तर… माका तुमी जाय."

एवढे बोलके सगुण मास्तर, पण नुसती 'हो, हो' अशी मान हलवत राहिले. मग मीच पुढं होऊन त्यांचा हात धरला. वाजवून वाजवून तळवा अजून गरम होता.