लाल थेंबांचे चार गुरुवार

प्रेम म्हणजे दोन जिवांनी एकमेकांचं दुःख वाटून घेणं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांना सांगून जाता येतं. मागे काचा विसळायला कुणीतरी थांबावं लागतं. अल्माटीच्या त्या प्रयोगशाळेत ते काम तोल्कीनकडे होतं.

त्या दिवशी छपरावरचं बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या, आणि दारात एक उंच, ओशाळलेला तरुण उभा होता. वरच्या मजल्यावरचा येरसाइन.

"तुमच्याकडे थोड्या ग्लिया मिळतील का?" विरजण मागायला आल्यासारखं त्यानं विचारलं. "काचेवर वाढवलेले माझे न्यूरॉन पाचव्या दिवशी मरतात."

"सगळे?"

"एखाददुसरा उरतो... तोही माझी कीव येऊन."

"एकटे ठेवलेत तर मरतील नाहीतर काय? न्यूरॉननी बसून विचार करायचा, आणि त्यांचं खाणंपिणं, खरकटं सगळं आमच्या ग्लिया पेशींनी बघायचं. मेंदूत असंच असतं."

"म्हणजे माझ्या आजोबांचं घर," येरसाइन म्हणाला.

तोल्कीन हसली. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले – आणि दिसले नाहीत असं तिनं दाखवलं.

मग दोघं एका टेबलाशी बसू लागले. न्यूरॉनची काच ग्लियांच्या थरावर पालथी ठेवायची. मध्ये मेणाचे तीन टिपके, म्हणजे काच टेकत नाही. स्पर्श नाही, पण पाणी एकच. दमलेल्या न्यूरॉनमधली चरबी खवट होते. तो ती त्या पाण्यात सोडतो. ग्लिया उचलते, थेंब करून पोटात ठेवते, सावकाश जाळते. हे किती होतं, ते येरसाइनला मोजायचं होतं. मोजता आलं तर इथंच कायमची नोकरी. नाही आलं तर गावी, अक्तोबेला, रक्त तपासायचं. अक्तोबे म्हणजे रेल्वेनं दीड दिवस.

"टिपका जाड झाला," ती म्हणायची. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "केवढं अंतर ठेवतोस."

"अंतर हवंच ना?"

"इतकं नको..."

मग दोघंही काचेकडेच बघत बसायची.

प्रयोग गुरुवारी. न्यूरॉनना लाल रंगाची चरबी पाजायची, काच धुवायची, पालथी घालायची. चार वाजता तोल्कीन दुधाचा चहा आणि तळलेले गरम बाउरसाक घेऊन जिन्यात थांबायची. असे चार गुरुवार गेले, आणि चारही वेळा ग्लियांच्या पोटात लाल थेंब चमकले. प्रमुख गुलबाराम आपायनी – आपाय म्हणजे आपल्याकडच्या 'बाई' – चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "या पोराला आता मी सोडत नाही," त्या म्हणाल्या. तोल्कीनच्या मनातही अगदी तेच होतं.

निकाल पाठवण्याआधी पडताळा म्हणून तिनं न्यूरॉनच नसलेली एक कोरी काच घेतली. लाल चरबीत बुडवली, येरसाइनच्या वहीत लिहिल्याप्रमाणे धुतली आणि ग्लियांवर पालथी घातली. दुसऱ्या दिवशी त्या ग्लियाही लाल होत्या. तेवढ्याच. म्हणजे रंग न्यूरॉनमधून नव्हे, काचेवरूनच येत होता.

ती तासभर पडद्यावरच्या त्या चित्रासमोर बसली. पुसायला एक कळ पुरे होती. मग तिनं त्याला बोलावलं.

"वहीत लिहिलंयस तशीच काच धुतलीस?"

"मिठाच्या पाण्यानं. तीनदा."

"अल्ब्युमिननं नाही?"

अल्ब्युमिन चरबी ओढून घेतं. त्यात काच पाऊण तास ठेवावी लागते. नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही, हे भांडी घासणारं कुणीही सांगेल. विसरायला दोन पदव्या लागतात.

"का रे?"

"चार वाजत यायचे. तू जिन्यात उभी असायचीस... चहा गार झाला असता."

आपायकडे जाऊन तो स्वतःच सगळं सांगून आला. मग दोघांनी प्रयोग पुन्हा केला – तो पाऊण तास शेजारीशेजारी बसून. थेंब दिसले. खरे होते, पण मोजके. त्यांवर काही सिद्ध होण्यासारखं नव्हतं.

"खोटं नाही केलंस, घाई केलीस," आपाय म्हणाल्या. "पण घाईला मला जागा देता येत नाही, बाळ."

फलाटावर भुरभुर पाऊस होता. येरसाइन डब्याच्या दारात, ती खाली.

"दाखवलं नसतंस तर..." तो म्हणाला. "राग नाही. नुसतं म्हणतोय."

"पुसणारच होते."

"मग?"

"मग तू रोज समोर बसला असतास, आणि ते मला एकटीला पोटात ठेवावं लागलं असतं. जन्मभर."

त्यानं तिचा ओला हात धरला. "तोल्कीन, जानिम... मी तुझ्यावर –"

"माहीत आहे. माझंही तसंच आहे."

गाडीनं हिसका दिला. ती हात न सोडता दोन पावलं चालली.

"एक मागू?"

"माग ना."

"प्रयोगशाळेची बारीक पिपेट तुझ्या वरच्या खिशात आहे. मघापासून दिसतेय."

"आठवण म्हणून घेतलीय..."

"आठवण ठेव. पिपेट दे. सोमवारी लागणार आहे."