उत्तरेची भिंत

अंगणातल्या चुलीवर डेगीचं झाकण खडखडलं, आणि सकाळपासून एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या दोन म्हाताऱ्या भावंडांमधली शांतता एकदाची मोडली.

गुनवॉर उठली. राय धान्याच्या पिठाची पेज लाकूड टिकवणाऱ्या हिराकसाच्या पाण्यात रटरटत वर आली होती. तिनं खाणीची लाल माती ओतली आणि रंग ढवळू लागली. याच रंगानं तिचे वडील, आजोबा, पणजोबा ही लाकडी सराई रंगवत आले होते. अडीचशे वर्षं वाटसरूंना ऊब देणारी ती वास्तू आता कुजत चालली होती, आणि ती पाडायला तिचा होकार घ्यावा म्हणून धाकटा भाऊ एव्हर्ट स्टॉकहोमहून आला होता.

"तू लग्न केलं नाहीस, इथं राहून आईचं सगळं केलंस, कबूल," तो म्हणाला. "पण घर तुझ्या डोळ्यांदेखत सडलं, गुनवॉर. बाबा असते तर..."

हाच घाव! आईच्या दफनाच्या दिवशीही त्यानं हाच घातला होता, आणि नंतर या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. गुनवॉरच्या ओठांशी एक वाक्य आलं... नेहमीसारखं तिनं ते गिळलं. पण होकार? मुळीच देणार नव्हती ती. तिनं खरवडणी त्याच्या हातात ठेवली.

"आधी भिंत खरवड. मग माग काय मागायचं ते."

"सत्तरीच्या माणसाला कामाला जुंपतेस?"

"मी पंचाहत्तरीची आहे. ऊठ."

त्याच्यासोबत आलेली त्याची नात तूवा खुदकन हसली.

दक्षिणेच्या भिंतीवरचा पांढरा प्लॅस्टिक रंग दुधावरच्या सायीसारखा सोलून निघाला. खाली लाकूड काळं, ओलं, बोटानं दाबलं तर भुगा. पूर्वेला तेच, पश्चिमेलाही तेच. एव्हर्ट हट्टानं पुढं सरकत राहिला, आणि उत्तरेच्या भिंतीपाशी थबकला. तिथं वडिलांच्या हातचा फिकट लाल रंग होता, आणि खालचं लाकूड हाडासारखं टणक.

"इथं... माझा रंग संपला होता." पहिल्या पगारातून आणलेले पांढऱ्या रंगाचे ते चकचकीत डबे त्याला आठवले. "ओल मीच आत कोंडली. तुला ठाऊक होतं?"

"दोन हिवाळ्यांत कळलं."

"मग काढून का नाही टाकलास?"

"आई रोज तुझी ती पांढरी भिंत कुरवाळायची, एव्हर्ट. म्हणायची, माझ्या पोरानं घराला नवरी केलं."

"आणि ती गेल्यावर?"

"तुझ्या हातचं तेवढंच उरलं होतं रे या घरात..."

एव्हर्टनं बाहीनं डोळे पुसले. मग त्यानं कुंचला डेगीत बुडवला.

"सडलेले ओंडके आधी बदलावे लागतील."

"बदलू. आज उत्तरेची भिंत होईल."

गालावर लाल ठिपके उडालेली तूवा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आत्याआजी, मग इतकी वर्षं तू तुझा राग कुठं ठेवला होतास?"

गुनवॉरनं कुंचला थांबवून कोपऱ्यापलीकडच्या सडलेल्या लाकडाकडे बोट दाखवलं.