वास गेला तर पळा

सांगते ते खरं आहे. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मला तुमच्याकडून काही मिळवायचं नाही.

आणि आधीच सांगून ठेवते, यात रात्र नाही. अमावस्या नाही. पिंपळ तर इकडे औषधालाही सापडत नाही.

गेल्या नोव्हेंबरमधला गुरुवार. सकाळचे सव्वादहा. नेदरलँड्समधलं झूटरमेर, चौथ्या मजल्यावरचं ऑफिस. खिडक्या न उघडणाऱ्या.

मी मृदुला. हे नाव ठेवलं ती आईबाबांची चूक, माझं तोंड पहिल्यापासून तिखट. इकडे येऊन बारा वर्षं झाली. मशीनची मॅन्युअल्स लिहिणं हे माझं काम. आता मशीन कसली, तर जेवताना सांगण्यासारखी नाहीत. इकडे गोठ्याच्या खाली तळघराएवढा खड्डा असतो. दीडशे गाईंचं शेण-मूत महिनोन्‌महिने त्यात साठतं, वर जाड साय धरते. ते ढवळून उपसायचं मशीन आमची कंपनी बनवते.

पुण्यात कोणी विचारलं की मी म्हणते, टेक्नॉलॉजीत आहे.

तर त्या आठवड्यात आमचं तीन हजार आठशे पानांचं मॅन्युअल वेबवर चढवायचं होतं. गुरुवारपासून टेक्निशियन लोकांना कागद मिळणार नव्हता. फक्त टॅब्लेट. आणि त्याच गुरुवारी आमचा कुशल फ्रीसलंडमधल्या एका गोठ्यावर पहिल्यांदा एकटा जाणार होता. मशीन नवीन मॉडेलचं, खड्ड्यात उतरून दुरुस्त करायचं. कुशल नाशिकचा. एनस्खेडेला शिकला, तिथून त्याच उन्हाळ्यात थेट आमच्याकडे. मला ताई म्हणतो आणि दर शुक्रवारी माझ्या डब्यातलं थालीपीठ हक्काने संपवतो. ते मॉडेल त्याने आधी पाहिलेलंही नव्हतं. त्याला जे काही कळणार होतं ते माझ्या मॅन्युअलमधून.

म्हणजे बुधवारी संध्याकाळपर्यंत ते चढायलाच हवं होतं.

आणि ते चढेना.

कन्व्हर्ट करायला लावलं की चाळीस टक्क्यांपर्यंत सुरळीत जायचं. मग कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागायचा. आणि मग... लाल ओळ. मेमरी संपली.

मेमरी वाढवली. आठाची सोळा, सोळाची बत्तीस. पुन्हा तेच. चित्रं बारीक केली, फॉन्ट काढले, जुने टेबल सपाट केले. पुन्हा तेच. मग आमच्या धंद्यातला शेवटचा उपाय. फाइल अर्धी कापायची. जो अर्धा अडतो तो पुन्हा अर्धा कापायचा. गव्हातला खडा शोधतात तसं, एकेक मूठ बाजूला करत.

बुधवारी दुपारी तीनला खडा सापडला.

एकच पान. सोळाशे अकरा. 'खड्ड्यात उतरणे.' तीन ओळी आणि शिडीचं एक चित्र.

त्या तीन ओळी एकवीस जीबी मेमरी खात होत्या.

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे कॉम्प्युटरने स्वतः लिहून ठेवलेली डायरी. त्यात त्या पानापुढे लिहिलं होतं... कॉमेंट्स, सहाशे त्रेचाळीस.

मी पान उघडून पाहिलं. एकही कॉमेंट नव्हती. कोरी समासपट्टी.

पण तो आकडा मला ओळखीचा होता.

आता माझीच घाण सांगते, ऐका.

आमच्याकडे हेंक नावाचे एक जुने टेक्निशियन होते. चाळीस वर्षं त्या खड्ड्यांत घालवलेली. पायात हिरवे गमबूट, डाव्या बुटाला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. मॅन्युअल तपासायला ते तसेच ऑफिसात यायचे. अंगाला तो वास. आंबलेलं शेण, मूत आणि सडकी अंडी. आमची चकचकीत मंडळी ताटं उचलून दुसऱ्या टेबलावर जायची. मी जात नव्हते, पण स्कार्फ नाकाला लावायचे, त्यांच्या देखत. आमच्या आजीने शेणाने अंगणं सारवली आणि मी नाकाला स्कार्फ लावते, बघा माझा तोरा. हेंकना सगळं कळायचं. हसायचे. एकदा म्हणाले, "वास येतोय म्हणून नाक मुरडू नका, बाई. वास अचानक गेला तर पळा. वास गेलेला नसतो, तुमचं नाक गेलेलं असतं."

खड्ड्यातला गॅस असाच असतो. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की आधी नाक मारतो, मग माणूस.

त्या नोव्हेंबरच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हेंकनी पूर्ण मॅन्युअल तपासून दिलं होतं. समासात सहाशे त्रेचाळीस कॉमेंट्स. मी पहिल्या चार वाचल्या. बोल्टचं माप, स्वल्पविराम, असलंच काहीतरी. शुक्रवारची संध्याकाळ होती. फाइल जड झालेली, तेव्हाही मेमरी संपत होती. मी आमच्यातला प्रत्येक जण करतो तेच केलं. सगळ्या कॉमेंट्स डिलीट. एक क्लिक. फाइल पिसासारखी हलकी झाली आणि मी गाडी पकडून घरी गेले.

सोमवारी हेंकनी विचारलं, वाचल्या का.

मी म्हणाले, सगळ्या वाचल्या, खूप उपयोग झाला.

फेब्रुवारीत हेंक गेले. रविवारी, घरी, झोपेत. त्यांच्या अंत्यविधीला ऑफिसातून सगळे गेले, इकडच्या रीतीप्रमाणे कॉफी आणि केकचा तुकडा खाऊन आले. मी गेले नाही. डेडलाइन आहे म्हणून सांगितलं.

तर त्या बुधवारी मी तो आकडा बघत बसले होते. आणि तेव्हा पहिल्यांदा...

वास आला.

चौथा मजला. बंद खिडक्या. सगळीकडे गालिचा. आणि माझ्या खुर्चीभोवती आंबलेलं शेण.

आधी वाटलं, बुटाला काही लागलंय. तळ पाहिले. स्वच्छ. टेबलाखाली वाकून पाहिलं. काही नाही. शेजारच्या माणसाला विचारलं, त्याने हवेत नाक फिरवलं आणि खांदे उडवले.

त्याला येत नव्हता. मला मात्र जिभेवर चव येईपर्यंत येत होता.

आमची बॉस मार्लूस चार वाजता येऊन उभी राहिली. मी म्हटलं, एक पान अडतंय. ती म्हणाली, मग ते पान काढ आणि बाकीचं चढव, ते पुढच्या आठवड्यात बघू. मी म्हटलं, ते खड्ड्यात उतरायचं पान आहे. ती म्हणाली, उतरायचं कसं ते सगळ्यांना माहीत असतं. शेणाच्या धंद्यावर पोट भरणारी ही बाई, आयुष्यात एकदाही गोठ्यात गेलेली नाही.

आणि मी? मी ते पान काढलं.

फाइल नऊ मिनिटांत चढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बॅग उचलली.

घरी गेले. दारातच माझी नऊ वर्षांची गुंजन डच भाषेत म्हणाली की आई, तुझ्या अंगाला घाण वास येतोय. म्हणजे भास नव्हता. मी दोनदा आंघोळ केली. केस शिकेकाईने धुतले. गुंजनने तरीही त्या दिवशी मिठी मारू दिली नाही.

गुरुवारी नऊला ऑफिसात पोहोचले. वास दारापासूनच होता. खुर्चीपाशी तर ओकारी येईल इतका.

माउस उचलला आणि... तळहाताला चिकट लागलं.

हिरवट तपकिरी. कोमट. त्यात गवताची एक काडी.

माझ्या तोंडून शिवी गेली, अस्सल मराठी. चार टिश्यू घेऊन पुसलं. पुसलं की पुन्हा पाझरत होतं, कुठून ते कळत नव्हतं. की-बोर्डच्या बटणांमधूनही. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. हात तीनदा धुतले. परत आले तर टेबल कोरडं. स्वच्छ. फक्त वास तेवढा होता, तो वाढत होता.

तोंडावर स्कार्फ धरून मी काम करत बसले. तोच स्कार्फ.

दहा वाजून बारा मिनिटांनी...

वास गेला.

हळूहळू कमी होत गेला, असं नाही. एका श्वासाला होता, पुढच्या श्वासाला नाही. कॉफी ओठांशी होती, तिचाही वास नाही. हाताला सॅनिटायझर होता, त्याचाही नाही. काहीच नाही.

पंखा थांबला होता. शेजारची टाइपिंगची खडखड थांबली होती. निदान मला तरी ऐकू येत नव्हती.

आणि मला ते वाक्य आठवलं.

मी काढून ठेवलेलं पान उघडलं. सोळाशे अकरा. समासात आज एक कॉमेंट होती. एकच. हेंक यांच्या नावाची, त्या ऑक्टोबरची तारीख. डचमध्ये होती, मी मराठीत सांगते.

"हे नवीन मशीन बंद केल्यावर वीस मिनिटांनी आपोआप एकदा फिरतं. साय फुटते, खालचा गॅस वर येतो. त्याआधी गॅसचा मीटर सगळं ठीक दाखवतो. ते फिरेपर्यंत कोणीही उतरायचं नाही. हे पहिल्या ओळीत लिहा."

मी कुशलला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा घाईत भलताच नंबर लागला. चौथ्यांदा त्याने उचलला.

"ताई, बोल. मी उतरायच्या गडबडीत होतो."

"उतरलास का?"

"नाही ना. मीटर बघितला, सगळं ओके आहे. पण इथे शेतकऱ्याचे वडील आहेत बहुतेक. शिडीवर पाय देऊन उभे आहेत. हलतच नाहीत. मी डचमध्ये तीनदा सांगितलं."

मी विचारलं, ते काही बोलतात का.

"नाही. दोन्ही हातांची बोटं दाखवतात. दहा, परत दहा. काय कळत नाही मला."

"कुशल, त्यांच्या पायात काय आहे?"

"गमबूट. हिरवे. एकाला निळी टेप आहे. का गं?"

मी काय सांगणार होते? मी म्हटलं, मागे हो. झाकणापासून लांब हो, गोठ्याच्या बाहेर हो, आत्ता. त्यांच्याशी हुज्जत घालू नकोस. तो कुरकुरला, पण गेला. मी फोन कानाला लावून बसले. त्याच्या बुटांचा आवाज. गाई हंबरत होत्या.

मग... एक घरघर. जड, ओली. एकदाच. कोणीतरी पोट ढवळावं तशी.

आणि त्याच्या मीटरची किंचाळी.

कुशल हळूच म्हणाला, "ताई, ते आतच राहिले गं. ते आजोबा."

मी म्हटलं, राहू दे त्यांना.

त्या गोठ्यावर कोणी म्हातारा नव्हता. शेतकरी एकटाच राहतो, त्याचे वडील केव्हाच वारलेत. कुशलला मी सगळं सांगितलं. माझं डिलीट करणंसुद्धा. त्याने ऐकून घेतलं. थालीपीठ मागायचं मात्र बंद केलं, आणि मला त्याला बोल लावायचा हक्क नाही.

मार्लूसलाही सांगितलं. ती म्हणाली, सगळेच करतात, कशाला वाढवतेस. मला तिची किळस आली, आणि लगेच स्वतःची, कारण एक वर्ष मीही हेच म्हणत होते.

हेंकचं वाक्य मी पहिल्या ओळीत लिहिलं आणि ते पान परत जोडलं. चार सेकंदांत चढलं. मेमरीचा प्रश्नच नाही. लॉग पाहिला.

कॉमेंट्स, सहाशे बेचाळीस.

मी बॅकअप शोधले. जुन्या मेल चाळल्या. सर्व्हरवाल्यांचे पाय धरले. त्या कॉमेंट्स कुठेही नाहीत. फक्त आकडा आहे. तेव्हापासून मी एकेक पान घेऊन टेक्निशियन लोकांना फोन करते, विचारते, इथे हेंक काय म्हणाले असते. एखादी बरोबर जमली की लॉगमधला आकडा एकाने उतरतो, आजवर एकोणीस उतरल्यात.

आणि वास रोज येतो. सकाळी खुर्चीत बसले की. तोच, आंबलेला, पोट ढवळणारा. हसाल, पण मी स्कार्फ फेकून दिला. आधी दीर्घ श्वास घेते, नाक भरून. आला की जिवात जीव येतो, मग काम सुरू करते.

या सोमवारी बसले आणि... वास नव्हता.

मी सहाच्या सहा टेक्निशियन लोकांना फोन केले. असाल तिथून वर या, बाहेर निघा. सगळ्यांनी उचलला. सगळे ठीक होते. दोघांनी शिव्या दिल्या, मार्लूसने सगळ्यांसमोर मला झापलं.

आज गुरुवार. अजून कोणाला काही झालेलं नाही.

वासही अजून परत आलेला नाही.