धुतलेला धूर

त्या संध्याकाळी मी त्याच्यावर चिडले नसते, तर त्याचं नावही विसरले असते.

भोपाळमधल्या आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळाचा गणपती. ठरलेले वक्ते आलेच नाहीत, म्हणून मंडळाच्या केशवकाकांनी सुट्टीवर आलेल्या एका जहाजावरच्या इंजिनीअरला धरून माईकपुढे उभं केलं. हेमंत बोकील. उंच, सावळा… आणि बोलणं असं गोड की पुढच्या रांगेतल्या सगळ्या काकू खूश!

"जानेवारीपासून जहाजांच्या धुरातलं गंधक कमी करायचंय," तो सांगत होता. "एक तर स्वच्छ तेल वापरा, पण ते महाग. नाहीतर गॅस, पण त्याला इंजिनापासून सगळं बदलावं लागतं. त्यापेक्षा धुराड्यातच समुद्राच्या पाण्यानं धूर धुवायचा. सर्वांत स्वस्त!"

"आणि ते धुतलेलं पाणी?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"परत समुद्रात."

"म्हणजे घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात!"

तो हसला. "मॅडम, समुद्र फार मोठा आहे."

माझं डोकंच फिरलं. माझी मामी जुन्या भोपाळातली. चौऱ्याऐंशीच्या वायुगळतीपासून खोकते आहे. "आमच्या भोपाळची हवाही फार मोठी होती," मी म्हटलं आणि तडक उठून निघाले.

दुसऱ्या दिवशी टाउनशिपच्या पिपलानी बाजारात पोह्यांच्या गाडीवर तो शेजारी येऊन उभा! "इतना गुस्सा? पोह्यांवर शेव तरी घ्या."

"माझी मी घेईन."

"रागावलात की छान दिसता, असं म्हणणार नाही… भीती वाटते."

मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

मग रोज तीच गाडी, रोज तेच भांडण. एकदा तो मामीला भेटायलाही आला, तिचं सगळं ऐकत बसला.

सुट्टी संपत आली तेव्हा त्यानं खरं काय ते सांगितलं. तिन्ही उपाय तोलून कंपनीला त्यानंच मत द्यायचं होतं. मालकांना धूर धुणारं यंत्रच हवं होतं. तसं लिहिलं की तो चीफ इंजिनीअर.

"मी काय लिहू, शारदा?"

"मला विचारू नका!" मी कडाडले. "माझ्याखातर लिहाल, आणि बढती गेली की जन्मभर माझ्यावरच खेकसाल!"

तो निघून गेला. नंतर गाडीवर फिरकलाच नाही. मी मात्र रोज जात होते, रोज संतापत होते. मला तो हवा होता – पण माझ्या धाकानं शहाणा झालेला नको होता.

एका सकाळी आला. डोळे तारवटलेले.

"स्वच्छ तेल लिहिलं. तुमच्यासाठी नाही हां. मामींना ऐकल्यावर दुसरं लिहिताच येईना."

"आणि बढती?"

"गेली. सेकंड इंजिनीअरच राहिलो." तो पोह्यांत चमचा फिरवत राहिला. "तुमच्या बाबांना… सेकंड इंजिनीअर चालेल?"

"बाबांना कशाला विचारता?" मी इतक्या जोरात ओरडले की गाडीवाल्याचा हात थांबला. "लग्न त्यांच्याशी करायचंय का?"