चिठ्ठीविना तपासणी

संदेश मला पहिल्यांदा दिसला, तो गरोदर बायकांच्या रांगेत.

"अहो, ही बायकांची रांग आहे!" मी लॅबच्या खिडकीतून ओरडले.

"हौ मॅडम… म्हणूनच सगळ्या हसतायत का?" कानापर्यंत लाल होऊन तो म्हणाला. "मला रक्त द्यायचं नाही. मला तुम्हीच पायजे."

रांग खिदळली. मीसुद्धा.

ते नव्याण्णव साल. सरकारी प्रसूती रुग्णालयातली आमची लॅब एका खासगी कंपनीला चालवायला द्यायची का, हे ठरायचं होतं आणि संदेश त्या कंपनीकडून पाहणीला आला होता. तो बिदरकडच्या शेतकरी घरातला, शहराच्या टोकाला कुकटपल्लीत खोली घेऊन राहणारा. मी शहराच्या जुन्या वस्तीतली, जामबागची, तीन पिढ्या सरकारी नोकरीत असलेल्या घरातली. त्याच्या दख्खनी उर्दू मिसळलेल्या मराठीला मी हसायची. मी हसावं म्हणून तो मुद्दाम आणखी दख्खनी बोलायचा.

"चहा?"

"नक्को… तुम्ही बोला. तुमचा आवाज ऐकत बसतो."

"मग लिहिता काय एवढं?"

"तुमचंच नाव," तो म्हणायचा आणि वहीवर हात ठेवायचा.

तीन आठवडे तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. दुपारी खिडकीतून ऊन आलं की न बोलता उठून पडदा ओढायचा. त्याची बाही माझ्या कोपराला लागली की मला काचपट्टीवरचं काही दिसेनासं व्हायचं.

अशाच एका दुपारी मी त्याला सांगून बसले… काही बायका डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय येतात. नवऱ्यानं टाकलेल्या, कुणी दूरच्या गावाहून आलेल्या. आमची आया गंगू त्यांना मागच्या दारानं आणते. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचं रक्त तपासते, नोंद न करता.

"बहोत अच्छं करता तुम्ही," तो हळूच म्हणाला. त्या दिवशी मी त्याला 'तू' म्हणाले.

महिन्याभरानं लॅब कंपनीकडे गेली. संदेशच्या अहवालात लिहिलं होतं: नोंद न केलेल्या तपासण्या, आयाचा गैरव्यवहार. माझं नाव कुठंच नव्हतं. गंगूला काढून टाकलं. बावीस वर्षं काम केलेली बाई दारात बसून मला विचारत होती, "रश्मीताई, मी काय चोरलं?"

संध्याकाळी संदेश आमच्या घरी आला. बसलासुद्धा नाही.

"मला लिहावं लागलं, रश्मी. पण मी जे बोललो ते खोटं नव्हतं. माझं प्रेम आहे तुझ्यावर… लग्न करशील?"

"माझंही आहे," मी म्हणाले. ते लपवण्यात काय अर्थ होता? "फक्त एक ओळ लिहून दे. तपासण्या रश्मीनं केल्या, गंगूचा दोष नाही."

"मग सगळा अहवालच पुन्हा उघडतील. माझी नोकरी—"

मग तो जिना उतरून गेला.

ती ओळ मीच लिहून दिली. गंगूला वॉर्डात परत घेतलं आणि माझी बदली लांब महबूबनगरला झाली. जायच्या आधी लॅबच्या नव्या काउंटरसमोर उभी राहिले होते. स्वच्छ काच, छापील टोकन. एक पोरसवदा बाई पोट धरून चिठ्ठी नाही म्हणून परत चालली होती. तिच्यासाठी मला काहीच करता आलं नाही.

बस सुटायच्या वेळी संदेश धापा टाकत आला आणि त्यानं खिडकीचा गज धरला.

"थांब म्हण… आत्ता नोकरी सोडतो."

त्याच्या बोटांवर हात ठेवावा, असं फार वाटलं. ठेवला नाही.

"तुला एक ओळ लिहिता आली नाही, संदेश. नोकरी कशी सोडशील?"

त्याचे डोळे भरून आले. बस हलली तसा त्यानं हात सोडला.

वाटेत शादनगर येईपर्यंत मी रडत होते. शेजारच्या म्हातारीनं पदरानं माझे डोळे पुसले आणि तेलुगूत विचारलं, "कोण गेलं, अम्मा?"

"कुणी नाही," मी म्हणाले.