कर्दळीच्या खड्ड्याचा अर्ज

भोपाळच्या त्या कारखान्याच्या टाउनशिपात नळ दिवसाआड यायचा, तोही पाऊण तास. अशात खालच्या क्वार्टरातला नवा टेक्निशियन नीळकंठ भेंडीला बादलीभर पाणी घालताना दिसला, अन् वरच्या मजल्यावरच्या सिंधूचा पारा चढला.

"अहो, इथं प्यायला थेंब नाही, आणि भेंडीचे लाड चाललेत?"

तो वर बघून हसला. "तुमच्याच न्हाणीचं पाणी आहे हे. खड्ड्यातल्या खडी-वाळूतून गाळलं, कर्दळीनं निवळलं."

"म्हणजे माझ्या आंघोळीचं...! लाज नाही वाटत?"

"रविवारी वाटते थोडी... शिकेकाईचा वास येतो ना."

खिडकी धाडकन लागली. रागाच्या भरात सिंधूनं ऑफिसात अर्ज टाकला — खड्ड्याला घाण वास येतो, बुजवा. वास येत होता हेही खरंच, खोटं कशाला बोला!

पण नीळकंठ रोज दोन बादल्या निवळलेलं पाणी जिन्यात ठेवू लागला, संडासाला अन् फरशीला. सिंधूची आई, प्रमिलाबाई, टँकरच्या रांगेतून सुटली. सिंधू बादली परत द्यायला जाई ती अर्धा तास वर येत नसे. बादली द्यायला एवढा वेळ कुठल्या गावी लागतो?

आणि नोटीस आली. उद्या पाहणी, वास असला तर खड्डा बुजणार. सिंधू दारातच घुटमळली. अर्ज आपलाच, हे सांगावं तर नीळकंठ तोंड बघणार नाही...

तेवढ्यात आई तेलकट कढईचं पाणी न्हाणीच्या मोरीत ओतताना दिसली.

"आई! खड्डा त्यानंच नासतोय!"

"स्वयंपाकाची मोरी तुंबलीय महिनाभर. डोक्यावर ओतू का?"

सिंधू तशीच खाली धावली. "वास आमच्या खरकट्याचा आहे. आणि अर्ज... माझा."

नीळकंठनं फावडं उचललं. मग त्यानं घमेलं पुढे केलं. "वाळू बदलायची. हात लावा."

"रागावलात?"

"फार. पण एकट्यानं अंधारापर्यंत व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, वाकून वाकून खड्डा हुंगत फिरले, अन् कागदावर 'ठीक' लिहून गेले. सिंधू पायरीवर टेकली. तिला हसू आवरेना.

"सिंधू, तुमच्या बाबांना एक विचारायचं होतं..."

"मी सकाळीच विचारलं."

"आं? काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलाला पाच वाजता चहाला बोलव."

पाचला पाच कमी होते. नीळकंठ चिखलाच्या पायांनीच जिना चढला. प्रमिलाबाईंनी फरशी नुकतीच पुसली होती — पण बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत.