चेहरा दाखवल्याशिवाय सुट्टी नाही

ही गोष्ट खरी आहे.

मला रंगवून सांगायची असती तर मी त्यात एखादं वडाचं झाड आणि पांढरी साडी घातली असती. यात तसलं काही नाही. देवासमधलं एक दुकान आहे, त्याच्या दारात भिंतीवर लावलेला टॅबलेट आहे, आणि माझी आतेबहीण अनन्या आहे. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. शेवटचा भाग धारला, माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडला. नाहीतर मीही हसून सोडून दिलं असतं.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. गव्हाला पाणी देण्याचे दिवस. आणि वेळ दरवेळी एकच… दिवेलागणीची.

अक्काचा धंदा शेतात सोलर पंप बसवायचा आणि दुरुस्त करायचा. पाच-सात मेकॅनिक. कोणी सोनकच्छकडे, कोणी बागलीकडे, कोणी पार उदयनगरच्या जंगलात. आणि या मंडळींनी तिच्या नाकी नऊ आणले होते. एक जण घरी गादीवर लोळत ‘साईटवर पोचलो’ म्हणून कळवायचा. दुसरा दुपारीच गायब. शेतकऱ्यांचे फोन अक्काला. पंप बंद, पीक सुकतंय, तुमचा माणूस कुठाय?

म्हणून तिनं ठरवलं, हजेरीचं नीट सॉफ्टवेअर घ्यायचं.

आधी अंगठ्याचं मशीन आणलं. ग्रीस आणि मातीनं झिजलेले अंगठे त्याला ओळखूच येईनात. मग मोबाइलवरचं ॲप घेऊन पाहिलं. जिथे असाल तिथून सेल्फी काढा, हजेरी लागली. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या सेल्फीमागे एकच चहाची टपरी दिसायला लागली.

शेवटी इंदूरचा हर्षित नावाचा मुलगा तिसरं घेऊन आला. दारात टॅबलेट. सकाळी त्याच्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की ड्यूटी सुरू. संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं, ड्यूटी संपली. मधल्या वेळात माणूस कुठे आहे ते नकाशावर दिसणार. अक्काला ते एकदम पसंत पडलं.

हर्षितनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. बाहेरून ड्यूटी बंद करायची सोय चालू ठेवा दीदी, लांब गेलेल्या माणसाला लागते.

अक्कानं ती सोय बंद केली.

तिच्या दुकानात तिचा धाकटा भाऊही होता. संग्राम. हातात जादू असलेला मेकॅनिक आणि पक्का टवाळ. सगळ्यांचे चेहरे नोंदवले तेव्हा यानं मुद्दाम डोळे मिटून घेतले. टॅबलेटमधली बाई हिंदीत सांगत राहिली, “आँखें खोलिए… आँखें खोलिए…” आणि हा मिटल्या डोळ्यांनी खुदखुदतोय. सगळं दुकान हसलं. शेवटी अक्कानं पाठीत धपाटा घातला तेव्हा डोळे उघडले, आणि त्याचा हसरा फोटो मशीनमध्ये बसला.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं.

मग ती संध्याकाळ आली. संग्राम उदयनगरच्या पुढे एका शेतात गेला होता. काम लांबलं. सूर्य कलला तेव्हा त्यानं फोन केला.

“अक्का, आज इथूनच बंद कर दे ना यार. भोत थकलोय. इथले काका म्हणतायत, रात्री इथेच थांब. जंगलातला रस्ता आहे.”

समोर दोन मेकॅनिक उभे होते. कान टवकारून. सख्ख्या भावाला सूट दिली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मागितली असती.

“सगळ्यांना एकच नियम,” अक्का म्हणाली. “दारात ये. चेहरा दाखव. मग कुठे जायचं तिथे जा.”

संग्राम म्हणाला, “ठीक. येतो.”

तो आला नाही.

जंगलातल्या उताराच्या वळणावर त्याची मोटरसायकल घसरली. हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं. अक्काला ओळख पटवायला नेलं तेव्हा चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं उरलं नव्हतं. तिनं हातातल्या कड्यावरून भाऊ ओळखला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माझी आत्या, म्हणजे त्याची आई, हात जोडून म्हणाली, माझी काळजी करू नकोस बाळा. कोणी म्हणालं, तुझी गाडी विकणार नाही. कोणी काही, कोणी काही. कावळे समोरच्या झाडावर बसून बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

त्याला नेमकं काय हवंय, ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

तेरावं झालं, दुकान उघडलं. हिशेब आणि फोन सांभाळायला तिथे गुंजन नावाची मुलगी असते. त्या दिवशी संध्याकाळी तिनं दिवा लावला, उदबत्ती फिरवली. मेकॅनिक सगळे निघून गेले होते.

दारातला टॅबलेट आपोआप उजळला…

समोर कोणी नव्हतं.

“चेहरा नहीं मिला. कृपया दोबारा कोशिश कीजिए.”

गुंजनला वाटलं, कुत्रं-बित्रं गेलं असेल. ती वळली.

“चेहरा नहीं मिला…”

पुन्हा.

“चेहरा नहीं मिला…”

अंधार पडेपर्यंत ते चालू राहिलं. मग थांबलं. कोणीतरी कंटाळून पायरीवर बसावं, तसं.

दुसऱ्या संध्याकाळी अक्का स्वतः थांबली. तेच झालं. तिनं कॉम्प्युटरवर हजेरी उघडली. सगळ्यांपुढे ‘ड्यूटी समाप्त’ होतं. एका नावापुढे नव्हतं.

संग्राम… ड्यूटीवर.

तिला घाम फुटला. मग स्वतःचाच राग आला. तो गेला तेव्हा ड्यूटी चालूच होती, बंद कोण करणार? तिनं मालकाच्या अधिकारात ती बंद केली.

सकाळी पाहिलं… ड्यूटीवर.

हर्षितला बोलावलं. तो म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी अडकलंय दीदी, मी नावच काढून टाकतो. नाव काढलं. त्या संध्याकाळी टॅबलेट पुन्हा उजळला. हर्षित तिथेच उभा होता. त्यानं सामान आवरलं आणि इंदूरला निघून गेला. नंतरचे सगळे सल्ले त्यानं फोनवर दिले.

अक्कानं टॅबलेट भिंतीवरून उतरवला. वायर काढली, बंद केला, कपाटात टाकून कुलूप लावलं. जुनं अंगठ्याचं मशीन पुन्हा दारात बसवलं. ओळखेना तर न ओळखू दे, हजेरी गेली चुलीत.

संध्याकाळी कपाटातून आवाज आला…

“चेहरा नहीं मिला.”

दोन मेकॅनिक काम सोडून गेले. गुंजन चारच्या ठोक्याला पर्स उचलायला लागली. अक्कानं जेवण टाकलं. देवासच्या टेकडीवरच्या मातेला नारळ फोडला, ब्राह्मण बोलावून शांती केली. आईला काही सांगता येईना. काय सांगणार? तुझा मुलगा रोज दारात येतो, आणि मी लावलेलं मशीन त्याला ओळखत नाही म्हणून?

तिनं मला फोन केला तो त्याच दिवसांत. आधी नुसती रडली. मग म्हणाली, “त्यात फोटो हसरा आहे गं. आताचा चेहरा तो नाहीये. कसा जुळेल?”

मी तिला धारला बोलावलं. ती आली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच आलं होतं.

टॅबलेट तिनं पुन्हा दारात लावला. संग्रामचं नाव नव्यानं भरलं. गुंजन चारलाच गेली होती. दिवेलागण झाली, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज कमी झाला. अक्कानं पडद्यावरचं बटन दाबलं. ‘नवा चेहरा नोंदवा.’ आणि ती आत, भिंतीच्या आड जाऊन उभी राहिली. पाठ दाराकडे. टॅबलेटला ती दिसणं शक्य नव्हतं.

बराच वेळ काही नाही.

मग…

“कृपया कैमरे के सामने आइए.”

ओल्या मातीचा वास आला. आणि पेट्रोलचा.

“थोड़ा और पास आइए.”

अक्कानं पदर तोंडात कोंबला.

“आँखें खोलिए…”

“आँखें खोलिए…”

या वेळी कोणी खुदखुदत नव्हतं. अक्काला राहवलं नाही. मागे न वळताच ती म्हणाली, “संग्राम, उघड रे डोळे. एकदाच उघड. मग जा घरी. माझं चुकलं.”

श्वास घेतल्यासारखा काहीतरी आवाज झाला.

“धन्यवाद. चेहरा दर्ज हुआ. संग्राम जी, आपकी ड्यूटी समाप्त हुई. शुभ रात्रि.”

ती तिथेच खाली बसली आणि पोटभर रडली. मातीचा वास हळूहळू गेला. त्या रात्री तिला झोप लागली. आत्या सांगत होती, तेराव्यानंतर पहिल्यांदाच ती दोन पोळ्या खाऊन उठली.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

सकाळी अक्का दुकानात आली. गुंजन मागेच होती. अक्का नेहमीसारखी स्वतःची हजेरी लावायला टॅबलेटसमोर उभी राहिली. पडदा उजळला.

“सुप्रभात, संग्राम जी. आपकी ड्यूटी शुरू हुई.”

गुंजनच्या हातातला डबा पडला.

हर्षितनं फोनवर समजावलं. भावा-बहिणीचे चेहरे सारखे असतात दीदी, नोंदवताना तुम्ही कुठेतरी जवळ असाल, मशीननं तुमचाच घेतला असेल. ऐकायला बरं वाटतं. पण ती भिंतीआड होती, पाठ करून. आणि तिचे डोळे उघडे होते. मग ते मशीन कोणाला म्हणत होतं, डोळे उघडा?

तो चेहरा उघडून पाहायची सोय त्यात आहे. अक्कानं अजून पाहिलेला नाही.

ती दुसऱ्या दिवशी दुकानात गेलीच नाही. तरी मोबाइलवर संग्रामच्या नावापुढे आलं… ड्यूटीवर. संध्याकाळी घाबरून गेली, टॅबलेटसमोर उभी राहिली. ड्यूटी समाप्त हुई. एवढ्यावर ते शांत झालं.

तेव्हापासून रोज. ताप असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत. दिवेलागणीला अक्का त्या दारात असते. भावाच्या नावानं चेहरा दाखवते आणि त्याला घरी पाठवते. बाहेरून बंद करायची सोय तिनं नंतर चालू करून पाहिली. बाकी सगळ्यांची होते. त्याची होत नाही.

या वैशाखात माझ्या लेकीचा साखरपुडा होता. अक्का सकाळी धारला आली. दुपार टळली तशी तिची चुळबुळ सुरू झाली. मीच मूर्ख. म्हटलं, एक दिवस नाही गेलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? गाडीची किल्ली लपवून ठेवली. थट्टेत.

शोधाशोधीत ऊन उतरलं. अक्का रडकुंडीला आली तेव्हा कुठे मी किल्ली दिली. पण तोवर देवास गाठण्याची वेळ निघून गेली होती. ती सोफ्यावर बसून राहिली. मोबाइल तिच्या हातात होता, बंद केलेला. मी देवापाशी दिवा लावला.

आणि माझ्या घराच्या बंद दाराबाहेरून आवाज आला…

“चेहरा नहीं मिला.”

पाहुण्यांना वाटलं, कोणाचा तरी फोन वाजतोय. मला अक्काचा चेहरा दिसत होता.

ती उठली. दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली, हनुवटी जरा वर करून. बाहेर कोणी नव्हतं. पायऱ्या, तुळस, चपलांचा ढीग. ओल्या मातीचा वास. वैशाखात. मी बाजूला सरकून पाहिलं तर अक्कानं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“आँखें खोलिए…”

आवाज अगदी तिच्या तोंडासमोरून आला.

“आँखें खोलिए…”

अक्कानं डोळे उघडले.

ती किती वेळ बघत होती, मला सांगता येणार नाही. मग हळूच म्हणाली, “झालं. जा आता घरी.” दार लावलं, आत आली आणि पाणी मागितलं.

काय दिसलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. परवा फोनवर विचारलं.

“भोत थकलेला होता गं,” ती म्हणाली. “उदयनगरहून चालत आल्यासारखा. मी रात्री घरी पाठवते, आणि सकाळ झाली की तो त्याच वळणावरून पुन्हा निघतो.”

पलीकडे गुंजनचा आवाज आला, दीदी, दिवे लावू का? अक्कानं फोन ठेवला.

मी आता दिवेलागणीच्या आधीच दार लावून घेते. लावलं तरी कान तिकडेच असतात.